क्लासची ताकद उसनी देता येते का? आमच्या टेबलाचं उत्तर

डीएनडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, आणि त्याच्या प्रत्येक कॅम्पेनमध्ये (लांब चालणाऱ्या कथेत) कोणीतरी एकदा हा प्रश्न विचारतंच. एकत्र फिरतोय, एका शेकोटीभोवती झोपतोय, एकमेकांचा जीव वाचवतोय, मग तुझ्या मंकला जे येतं त्यातलं थोडंसं सुद्धा माझ्या पॅलॅडिनला येऊ नये? (मंक, पॅलॅडिन हे क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, आणि प्रत्येकाच्या ताकदी ठरलेल्या.) मला हा प्रश्न फार आवडतो कारण तो विचारणारा माणूस आकड्यांच्या पलीकडे जाऊन आपल्या पात्राचा विचार करत असतो. आणि त्याचं पुस्तकातलं उत्तर, म्हणजे मल्टिक्लास कर (पुढची लेव्हल, म्हणजे पायरी, दुसऱ्या क्लासमध्ये घे), हे मला कधीच पटलेलं नाही.

आधी आमचं टेबल सांगते. इंदूरला रामबागेत आमच्या घरी रविवारी दुपारी खेळतो, डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मी. आतेभाऊ रोग (Rogue, चोर) खेळतो, वहिनी बार्ड (गाणारी), ऑफिसमधला एक मित्र फायटर (लढवय्या, त्यातला बॅटल मास्टर हा प्रकार), कॉलनीतली दोघं पॅलॅडिन (शपथ घेतलेला योद्धा) आणि मंक (हातापायांनी लढणारी संन्यासी). टेबलावर भाषा अर्धी मराठी अर्धी हिंदी, मित्र हिंदीवाला आहे आणि वहिनीला मराठीत गायचं असतं त्यामुळे चालतं. पोहे मधल्या ब्रेकलाच, आधी नाही, कारण सेव आणि जीरावनचे हात फाशांना लागलेले मला चालत नाहीत. आम्ही २०१४ च्या पुस्तकाचे नियम वापरतो, २०२४ चं सुधारित पुस्तक पण घरात आहे पण कॅम्पेन आधीच सुरू होतं म्हणून मध्येच बदललं नाही. कॅम्पेनचा गड मी मांडूवरून घेतलाय, म्हणजे दोन तलावांच्या मधला महाल, तिरक्या भिंतींचा दरबार, खाली उतरत जाणारी बावडी आणि तिच्या पोटातल्या कमानीच्या खोल्या, आणि पठाराच्या अगदी कडेला राणीची छत्री जिथून खाली सगळा निमाड दिसतो. शाळेच्या सहलीला सगळेच तिथे गेलेले, त्यामुळे नकाशा काढायला फार वेळ जात नाही.

आता मल्टिक्लास. १९७४ मध्ये गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी डीएनडी काढलं तेव्हा क्लास तीनच होते, लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक (पुजारी). १९७५ मध्ये ग्रेहॉक पुरवणीत थीफ आला आणि त्याच्यासोबत एक अडचण पण आली, कारण चोरपावलाने जाणं, भिंत चढणं ह्याचे आकडे आता एका क्लासच्या नावावर लिहिलेले, मग बाकीच्यांनी करायचं की नाही? तेव्हापासून क्लासच्या भिंती उभ्या आहेत आणि त्यात दरवाजे पाडायचे प्रयत्नही चालू आहेत. २००० च्या तिसऱ्या एडिशनमध्ये तर लेव्हलमागे एक क्लास असं काहीही जोडता यायचं. २००८ च्या चौथ्यात ते फीटमध्ये (पात्राने निवडून घ्यायच्या खास कसबात) बसवलं. २०१४ मध्ये मल्टिक्लास हा ऐच्छिक नियम झाला, दोन्ही क्लासच्या मुख्य ॲबिलिटीमध्ये (ताकद, चपळाई, करिष्मा असे गुण) किमान १३ पाहिजे वगैरे. पाथफाइंडर ह्या डीएनडीसारख्याच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या एडिशनमध्ये आर्किटाइप (क्लासला जोडून घ्यायचे फीटचे संच) आहेत, एकाचा डेडिकेशन, म्हणजे प्रवेशाचा, फीट घेतला की त्याच आर्किटाइपचे अजून दोन फीट घेतल्याशिवाय दुसऱ्याकडे जाता येत नाही, हे मला डीएनडीपेक्षा जास्त आवडतं कारण निदान माणूस एका ठिकाणी टिकतो तरी.

पण ह्या सगळ्यात एक गोष्ट सारखीच आहे. ज्याला हवंय तो स्वतःच्या पात्रात ती ताकद आणून बसवतो आणि मग मूळ मालकाची गरजच संपते. विझर्डने (जादूगाराने) फायटरच्या दोन लेव्हल घेतल्या, ॲक्शन सर्ज (जास्तीची एक ॲक्शन, म्हणजे कृती) मिळाला, एका टर्नमध्ये (पाळीत) दोन फायरबॉल, ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) आणि वर ८डी६, आणि शेजारी बसलेला खरा फायटर बघत राहतो. त्याच्याकडून विझर्ड काही शिकला का? नाही. तो पार्टीत नसता तरी विझर्डने त्या दोन लेव्हल घेतल्याच असत्या. ह्याला मी वाटून घेणं म्हणतच नाही. २०२४ मध्ये ॲक्शन सर्जने मिळालेल्या जास्तीच्या ॲक्शनमध्ये मॅजिक ॲक्शन (स्पेल, म्हणजे मंत्र, टाकायची कृती) घेता येत नाही असं करून टाकलं ते बरंच झालं.

माझं म्हणणं सरळ आहे. एका पात्राची ताकद दुसऱ्याने वापरावी, जरूर वापरावी, पण देणाऱ्याने तिथे हजर असावं आणि त्या क्षणी त्याचं काहीतरी खर्च व्हावं. मैफिलीत गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य मध्येच दोन आवर्तनं उचलतो ना, तसं. गुरू तिथेच बसलेले असतात, जागा त्यांनी दिलेली असते, आणि ऐकणाऱ्याला दोघं कळतात.

आणि खरं तर गेममध्ये हे आधीपासून आहे, लोक नीट वापरत नाहीत एवढंच. बार्डचं इन्स्पिरेशन बघा. बोनस ॲक्शन (टर्नमधली जास्तीची छोटी कृती) बार्डची, वापर बार्डचा एक कमी झाला, डाय (फासा) मात्र समोरच्याच्या हातात, ६० फुटांच्या आत असलेल्या आणि ऐकू येणाऱ्या कोणालाही, १० मिनिटांत कधीही वापर. डी२० (वीस बाजूंचा मुख्य फासा) टाकून झाल्यावर पण तो त्यात मिळवायचा का ते ठरवता येतं, फक्त डीएमने निकाल सांगायच्या आधी. वहिनी तो डाय खरोखर उचलून समोरच्याच्या हातात ठेवते, नुसतं तोंडाने सांगत नाही, आणि माझ्या मते प्रत्येक टेबलाने असंच करावं. फासा हातात असला की माणूस तो विसरत नाही, आणि कोणी दिला ते पण विसरत नाही.

पॅलॅडिनचा ऑरा (भोवतीचं वलय) सहाव्या लेव्हलला येतो, १० फुटांच्या आत जे असतील त्यांच्या सेव्हिंग थ्रोला (संकटातून वाचायला टाकायच्या फाशाला) पॅलॅडिनच्या करिष्म्याचा बोनस मिळतो. ह्यात खर्च नाही पण जागेचं बंधन आहे, त्याच्याजवळ राहावं लागतं, आणि तो बेशुद्ध पडला की ऑरा गेला. स्पेल स्टोअरिंगची अंगठी तर ह्या विषयातली माझी सगळ्यात आवडती वस्तू. तिच्यात एकूण पाच लेव्हलचे स्पेल भरता येतात, भरणाऱ्याचा स्लॉट (त्याच्या मोजक्या स्पेलपैकी एकाची जागा) खर्च होतो, पुढे घालणारा तो स्पेल टाकतो पण डीसी (वाचण्यासाठी समोरच्याने गाठायचा आकडा) आणि अटॅक बोनस भरणाऱ्याचा. कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवायला लागणारं लक्ष) मात्र घालणाऱ्याने सांभाळायचं! म्हणजे क्लेरिकने अंगठीत ब्लेस (आशीर्वादाचा स्पेल) भरून रोगला दिली की ब्लेस रोगच्या डोक्यात, क्लेरिकचं डोकं दुसऱ्या स्पेलला मोकळं. आर्टिफिसर (जादूच्या वस्तू बनवणारा क्लास) अकराव्या लेव्हलला असंच एका वस्तूत पहिल्या किंवा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल साठवतो आणि ती वस्तू ज्याच्या हातात तो वापरतो.

हेल्प ॲक्शन, म्हणजे साथीदाराला मदत, त्याबद्दल पण एक वाक्य, कारण लोक ते फार स्वस्तात देतात. २०१४ च्या पुस्तकात स्पष्ट आहे की जे काम तुम्हाला एकट्याने करता आलं असतं त्यातच मदत करता येते, चोराच्या हत्यारांची प्रॉफिशियन्सी (सराव) नसेल तर कुलूप उघडायला मदत नाही. मी हे पाळते.

आता बॅटल मास्टरचा कमांडर्स स्ट्राइक, ह्यावर जरा थांबायचंय. फायटर आपल्या टर्नला अटॅक ॲक्शन घेतो, त्यातला एक हल्ला सोडून देतो, बोनस ॲक्शन खर्च करतो, एक सुपीरियॉरिटी डाय (बॅटल मास्टरला मोजकेच मिळणारे फासे) खर्च करतो, आणि एका साथीदाराला म्हणतो, मार. तो साथीदार आपली रिॲक्शन (आपली टर्न नसताना करता येणारी एकच कृती) वापरून लगेच एक हल्ला करतो आणि डॅमेजला फायटरचा डाय मिळवतो. साथीदार रोग असेल तर खरी मजा आहे, कारण स्नीक अटॅक (रोगचा संधी साधून दिलेला जास्तीचा मार) टर्नमध्ये एकदा असतो, राउंडमध्ये (सगळ्यांच्या टर्नच्या फेऱ्यात) एकदा नाही. रोगने आपल्या टर्नला स्नीक अटॅक केलेला असला तरी फायटरची टर्न ही वेगळी टर्न, त्यामुळे परत मिळतो, फक्त नेहमीच्या अटी पाहिजेत, ॲडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा घेणं) किंवा शत्रूच्या बाजूला आपला कोणीतरी.

बावडीच्या तळाशी हे आमच्याकडे झालं तेव्हा पाचवी लेव्हल होती. पाण्यात एक भलामोठा सर्प, पॅलॅडिन त्याच्या तोंडाशी उभा, फायटर दोन पायऱ्या वर. मित्राने स्वतःचा दुसरा हल्ला सोडला आणि आतेभावाकडे बघून म्हणाला, "भिया, तू मार." आतेभावाने रेपियरचा डी८, वर ४, स्नीकचे ३डी६ आणि मित्राने पुढे सरकवलेला डी८ असे सगळे एकदम टाकले. पण त्याने रिॲक्शन दिली होती, म्हणजे पुढे सर्पाची शेपटी त्याच्यावर आली तेव्हा अनकॅनी डॉजने मार अर्धा करायची सोय नव्हती, पूर्ण खावा लागला. दोघांनी काहीतरी दिलं, दोघांचं काहीतरी गेलं, आणि सर्प मेला. फायटरची नजर आणि रोगचा हात. हे मल्टिक्लासने कधीच मिळणार नाही, फायटर ५ रोग ५ असं एकच पात्र केलं तरी नाही.

चौथ्या एडिशनमध्ये वॉरलॉर्ड नावाचा अख्खा क्लास ह्याच कामासाठी होता, तिथे कमांडर्स स्ट्राइक हवा तितक्या वेळा वापरता यायचा, काही लोक तर असा वॉरलॉर्ड बनवायचे जो स्वतः तलवार जवळजवळ उचलतच नाही, फक्त दुसऱ्यांना हल्ले देतो. पाचव्या एडिशनमध्ये तो क्लास आला नाही ह्याचं मला अजूनही वाईट वाटतं. पाथफाइंडरमध्ये २०१० ला कॅव्हेलिअर (घोडेस्वार योद्धा) आला, त्याचा टॅक्टिशियन नावाचा गुण तर सरळ आपला टीमवर्क फीट ३० फुटांतल्या सगळ्या साथीदारांना काही राउंडपुरता देऊन टाकतो, त्यांनी त्या फीटच्या अटी पूर्ण केलेल्या नसल्या तरी. ही कल्पना मी उचलली आणि आमचा घरचा नियम त्यावरूनच बनला.

आम्ही त्याला उसनवारी म्हणतो. नियम असा की दोन पात्रांनी लाँग रेस्टच्या (रात्रीच्या विश्रांतीच्या) आधी एकत्र वेळ घालवायचा आणि खेळणाऱ्यांनी सांगायचं की नक्की काय शिकवलं, दोन वाक्यात चालेल पण सांगायचंच. मग घेणाऱ्याला देणाऱ्याच्या क्लासचं एक फीचर (ठरलेली ताकद) मिळतं, पाचव्या लेव्हलपर्यंतचंच, आणि एका वेळी एकच, दुसरं घेतलं की पहिलं गेलं. वापरताना देणारा ३० फुटांच्या आत पाहिजे, शुद्धीवर पाहिजे. वापर देणाऱ्याच्या खात्यातून कमी होणार आणि शिवाय देणाऱ्याची रिॲक्शन जाणार. आणि फायदा अर्धा, खाली राउंड करून. स्पेल ह्यात येत नाहीत, त्यासाठी अंगठी आहे.

अर्धा फायदा का, तर पूर्ण दिला की देणाऱ्यापेक्षा घेणाराच ते जास्त चांगलं वापरतो असं होतं आणि देणाऱ्याला आपण फुकट वाटायला लागतं. रिॲक्शन का, तर देणाऱ्याने त्या क्षणी लक्ष दिलं पाहिजे. दुसऱ्याच्या टर्नला मोबाइल बघणारे आमच्याकडे ह्या एका अटीमुळे टेबलाकडे बघायला लागले, कारण कधी कोण "देतोस का?" विचारेल सांगता येत नाही.

काय देता येत नाही हे पण ठरवलंय. ॲक्शन सर्ज नाही, एक्स्ट्रा अटॅक नाही, ह्यांना अर्धं करताच येत नाही. रेज (लढाईतला बेभान राग) नाही, कारण रेज हा बार्बेरियनचा (रानटी योद्ध्याचा) स्वभाव आहे, तो शिकवता येत नाही. हवं तर बार्बेरियनचा वुल्फ टोटेम आहेच, बार्बेरियन रेजमध्ये असताना त्याच्या ५ फुटांतल्या शत्रूवर साथीदारांना मेली (जवळून केलेल्या) हल्ल्यात ॲडव्हांटेज मिळतो, ते पुस्तकातलंच वाटप आहे. स्नीक अटॅक नाही. डिव्हाइन स्माइट (पॅलॅडिनने स्लॉट खर्चून वारात घातलेला दैवी मार) अजिबात नाही, पॅलॅडिनने घेतलेली शपथ दुसऱ्याच्या तलवारीतून कशी चमकेल? त्यावर मित्राने बराच वाद घातला, म्हणाला स्लॉट तर पॅलॅडिनचाच जाणार आहे ना. तरी नाही. इथे मी आकडे बघत नाही, शपथ बघते.

सगळ्यात जास्त चर्चा वहिनीमुळे झाली आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. ती म्हणाली, "सगळेच सगळ्यांना द्यायला लागले तर बार्डने काय करायचं? माझं कामच देण्याचं आहे." ह्यावर आम्ही पूर्ण एक ब्रेक बोलत होतो, पोहे गार झाले. बार्ड, पीस डोमेनची क्लेरिक, बॅटल मास्टर, हे लोक देण्यासाठीच बनलेत आणि घरचा नियम त्यांच्या पोटावर पाय देणारा नको. मग ठरलं की बार्डने उसनं दिलं तर फायदा पूर्ण, आणि तिची रिॲक्शन जात नाही. आणि उलट दिशेने पण, बार्ड जेव्हा दुसऱ्याकडून घेते तेव्हा तिला एकाऐवजी दोन गोष्टी एकदम ठेवता येतात, बार्ड सगळीकडचं थोडं थोडं उचलतेच. त्यानंतर वहिनी खूश आणि पार्टीत तिची किंमत वाढली, जो तो रात्री तिच्या शेकोटीपाशी जाऊन बसायला बघतो.

आता तो प्रसंग ज्यामुळे हा नियम आमच्याकडे कायमचा झाला. मंकला चौथ्या लेव्हलला स्लो फॉल मिळतो, रिॲक्शन वापरून पडण्याचं डॅमेज मंक लेव्हलच्या पाच पटीने कमी, म्हणजे पाचव्या लेव्हलला २५. आदल्या रात्री मंकने पॅलॅडिनला गडाच्या पायऱ्यांवर पडायला शिकवलं होतं. खांदा आधी, मग पाठ, हात कधीच टेकवायचा नाही, असं सगळं मंक खेळणाऱ्या मुलीने उठून हावभाव करून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी छत्रीच्या कठड्यावर लढाई झाली, गार्गॉइलने (पंखांच्या दगडी राक्षसाने) पॅलॅडिनला ढकललं, ६० फूट खालच्या चौथऱ्यावर. ६डी६. मी टाकले, आले २३. पॅलॅडिनचे हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा आकडा) उरले होते १४. खेळणारा पोरगा गप्पच झाला, आणि मंकवाली म्हणाली, "माझी रिॲक्शन शिल्लक आहे." पडायला सुरुवात झाली तेव्हा मंक त्याच्या शेजारीच होती, ३० फुटांचा प्रश्नच नव्हता. २५ चे अर्धे १२, २३ मधून १२ गेले, ११ लागले, तीन हिट पॉइंटवर तो पोरगा उभा. त्याने सांगितलं की चिलखताचा खांद्याचा पत्रा चेपला पण हात टेकवला नाही. आम्ही सगळे ओरडलो, शेजारच्या काकू बघायला आल्या काय झालं म्हणून.

पुस्तकाप्रमाणे खेळलो असतो तर तो शून्यावर, खाली एकटा, वर सगळे गार्गॉइलच्या मध्ये अडकलेले. मला पात्र मारायला हरकत नाही, मी मारते. पण आदल्या रात्रीचा सीन दुसऱ्या दिवशी लढाईत उपयोगी पडला, शिकवलेलं खरंच कामी आलं, हे मला कुठल्याही फीटपेक्षा मोठं वाटतं.

ह्यात एक प्रश्न मात्र नंतर आला. मंक खेळणारी मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, ऑनलाइन नको म्हणाली, म्हणून तिचं पात्र आम्ही नर्मदेकाठच्या एका मठात सोडलं. नियमाप्रमाणे देणारी ३० फुटांत नाही, म्हणजे पॅलॅडिनचा स्लो फॉल गेला. त्याने विचारलं, ठेवू का? बाकीचे पण त्याच्या बाजूने. आणि माझं तर सगळं म्हणणंच हे की देणारा हजर पाहिजे.

आम्ही मार्ग असा काढला. आठव्या लेव्हलला सगळ्यांना ॲबिलिटी स्कोअर वाढवायचा किंवा फीट घ्यायचा चान्स येतो, तो त्याने ह्यासाठी सोडायचा. मग स्लो फॉल त्याच्या शीटवर पक्का, पण अर्धाच, रिॲक्शन स्वतःची, लाँग रेस्टमागे एकदा. आणि आकडा मंकच्या लेव्हलवर जिथे ती सोडून गेली तिथेच थांबलेला, १२, पॅलॅडिन विसाव्या लेव्हलला गेला तरी १२. त्याने लगेच हो म्हटलं, करिष्मा १८ करायचा राहिला तरी चालेल म्हणाला, जे पॅलॅडिनसाठी लहान गोष्ट नाही कारण ऑरा त्यावरच चालतो आणि ते सगळ्यांच्याच सेव्हमध्ये कमी पडणार आहे. त्यावर कोणी कुरकुर केली नाही.

मंकच्या जागी आता एक रेंजर (रानात वावरणारी शिकारी) आलीये. तिने पहिल्याच सेशनला विचारलं की फायटरकडून मनूव्हर (सुपीरियॉरिटी डाय खर्चून टाकायचा डाव) उसना मिळेल का. मिळेल, डी८ चा अर्धा म्हणजे टाकायचा आणि आलेला आकडा अर्धा करायचा, डाय मित्राचा जाणार आणि रिॲक्शन पण. फक्त कमांडर्स स्ट्राइक सोडून, कारण तो मुळातच देण्याचा मनूव्हर आहे आणि उसन्यावर उसनं आम्ही चालू देत नाही. ती ट्रिप अटॅक (शत्रूला खाली पाडायचा डाव) घेतेय.